तारे, आकाशगंगा आणि औंढ्याची वेधशाळा



चालक मंडळी आमच्याकडे आली आणि ‘यंदा तुम्ही ताऱ्यांवर बोला’ म्हणाली, तेव्हा त्यांची काही तरी गल्लत होत असावी असे आम्हांला वाटले. आमचा जन्म गेला तो गिरणीच्या फाटकापाशी, मोंढ्यातल्या हमालांत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. शाळा मॅट्रिकच्या अलीकडेच संपली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज येथे उभे आहोत ते तज्ज्ञ म्हणून नव्हे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती जाणत्याने नेणत्याला चार गोष्टी सांगाव्यात म्हणून. आज एका नेणत्याने दुसऱ्या नेणत्यांना आपण काय वाचले ते सांगावयाचे आहे, एवढेच समजावे.

पण या विषयाशी आमचे एक जुने देणे आहे, आणि ते आधी कबूल केले पाहिजे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने गुरुत्वलहरी टिपणाऱ्या एका वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. पुढे तिची जागा ठरली ती आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. त्या सुमारास मराठवाड्यात दुष्काळ होता. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेच हे वर्ष. एका द्वारसभेत आम्ही मोठ्या आवेशाने म्हणालो, “घशाला कोरड पडली आहे आणि हे आकाशातल्या लाटा मोजायला निघाले आहेत!” टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणजे म्हणणे खरे ठरते असे नाही, हे कळायला आम्हांला काही वर्षे लागली. आजचे भाषण म्हणजे त्या वाक्याची फेरतपासणी आहे.

तारे आम्हांला प्रथम ओळखीचे झाले ते पुस्तकातून नव्हे. १९८९ च्या सुमारास आम्ही एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. रिंग खात्यात एक वयस्क जोडीदार होते. सगळे त्यांना मामा म्हणत. तिसऱ्या पाळीत मधल्या सुट्टीला बाहेर आले की मामा वर बघत आणि किती वाजले ते सांगत. सप्तर्षींना ते ‘म्हातारीची बाज’ म्हणत. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती बाज चोरून नेणारे तीन चोर. बाज किती कलली यावरून मामांचे घड्याळ चाले, आणि ते पाच-दहा मिनिटांपलीकडे चुकत नसे. एकदा त्यांनी आम्हांला विचारले, “तू वाचतोस ना? मग सांग, ही बाज आपल्यापासून किती लांब?” आम्हांला उत्तर देता आले नाही. ते शोधायला आम्ही वाचनालयात गेलो, आणि तेथे शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ हाती लागला. निम्मा कळला नाही, पण खाज लागली ती लागलीच.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो. सूर्यापासून तो आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो. सूर्य सोडला तर सर्वांत जवळच्या ताऱ्याकडून यायला त्याला सव्वाचार वर्षे लागतात. आणि बाजेतल्या बहुतेक ताऱ्यांकडून यायला सुमारे ८० वर्षे. म्हणजे आज रात्री आपण सप्तर्षींचा जो प्रकाश पाहू, तो निघाला तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होते आणि मुक्तिसंग्राम पेटत होता. तारा पाहणे म्हणजे उशिरा आलेले पत्र वाचणे होय. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा निरोप गावी पोहोचेपर्यंत तो पुढच्या फडावर गेलेला असतो, तसेच हे.

मग प्रश्न येतो की, इतक्या दुरून आलेल्या प्रकाशावरून तारा कशाचा आहे हे कसे कळते? लोलकातून प्रकाश जाऊ दिला म्हणजे त्याचा सप्तरंगी पट्टा होतो आणि त्यात काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. जणू अंगठ्याचे ठसेच. परंतु त्या रेघांवरून ताऱ्याचे तापमान नेमके कसे काढावयाचे याची किल्ली १९२० साली मेघनाद साहा यांनी दिली. साहा हे ढाक्याकडच्या एका खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचे चिरंजीव. पुढे १९५२ साली ते लोकसभेवर निवडून आले. ताऱ्यांचा अभ्यास आणि जनतेचा प्रश्न या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकतात याचा एवढा दाखला पुरे.

आणि आपण मराठवाड्याची माणसे आकाशाच्या कामात अगदीच परकी आहोत असेही नाही. ज्या हैदराबाद संस्थानात आपले वाडवडील राहिले, त्याच्या राजधानीत निजामिया वेधशाळा होती. नवाब जफर जंग यांची ती खाजगी वेधशाळा; त्यांच्या मृत्यूनंतर १९०८ साली ती संस्थानाने ताब्यात घेतली. त्या काळी जगातल्या वेधशाळांनी सारे आकाश वाटून घेऊन त्याची छायाचित्रे काढावीत आणि ताऱ्यांची यादी करावी असा मोठा उद्योग चालला होता. त्यात हिंदुस्थानातून भाग घेणारी वेधशाळा एकच, हैदराबादची. तिने साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची मोजणी करून त्यांचे खंड छापले. एक तारा म्हणजे काचेवरचा एक ठिपका. तो भिंगाखाली धरावयाचा, मापावयाचा आणि वहीत आकडा मांडावयाचा. असे साडेसात लाख वेळा! संचालकांची नावे इतिहासात राहिली. वहीत आकडे मांडणाऱ्या कारकुनांची नावे सहसा राहत नाहीत. हजेरीपटावर ज्यांची नावे असतात आणि उद्घाटनाच्या फरशीवर नसतात, त्यांच्या श्रमावर हे शास्त्रही उभे आहे. याच वेधशाळेतल्या एका साहाय्यकाचा मुलगा वेणू बाप्पू. १९४९ साली त्याने एका धूमकेतूचा शोध लावला आणि त्या धूमकेतूला त्याचे नाव मिळाले. पुढे ते भारतातले अग्रगण्य ज्योतिर्विद झाले. साहाय्यकाच्या पोराला दुर्बिणीजवळ जाऊ दिले म्हणजे काय होते, ते यावरून दिसते.

आता नव्या संशोधनाकडे वळू. आमच्या लहानपणी ग्रह म्हटले की नऊच पाठ करीत असू. दुसऱ्या ताऱ्यांभोवती ग्रह असतील हा तर्क होता, पुरावा नव्हता. १९९५ साली मिशेल मायर आणि दिदिए केलो या दोन शास्त्रज्ञांनी सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह दाखवून दिला, आणि त्याबद्दल २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रह डोळ्यांनी दिसला नव्हता. मग तो कळला कसा? मोठी बाई आणि लहान मुलगी फुगडी घालतात तेव्हा मुलगी मोठ्या फेरात गरगरते. पण बाईही एका जागी स्थिर राहत नाही, तीही थोडी झुलतेच. ताऱ्याचे ते झुलणे त्यांनी प्रकाशाच्या रेघांवरून मापले. हा ग्रह सव्वाचार दिवसांत ताऱ्याभोवती फेरी पुरी करतो. म्हणजे तेथले वर्ष आपल्या आठवड्याहूनही लहान!

दुसरी रीत आणखी सोपी. रस्त्यावरच्या दिव्यापुढून पाकोळी गेली की उजेड किंचित कमी होतो. तसा ताऱ्यापुढून ग्रह गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. गुरूएवढा ग्रह असेल तर शंभरात एक भाग, आणि पृथ्वीएवढा असेल तर दहा हजारांत जेमतेम एक भाग. २००९ साली सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याकडे चार वर्षे टक लावून असे हजारो ग्रह हुडकले. २०२५ च्या सप्टेंबरात निश्चित झालेल्या ग्रहांची संख्या ६००० झाली.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. २०२५ च्या एप्रिलात अशी वार्ता आली की, १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाच्या वातावरणात सजीवांशी संबंध असू शकेल अशा वायूची चाहूल लागली. हे सांगणाऱ्या तुकडीचे प्रमुख केंब्रिजचे निक्कू मधुसूदन, म्हणजे आपल्याच देशात वाढलेले गृहस्थ. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. परंतु इतर शास्त्रज्ञांनी तीच मोजमापे पुन्हा तपासली आणि पुरावा तेवढा भक्कम नाही असे म्हटले. मधुसूदन यांनीही ही अखेरची सिद्धी आहे असे म्हटले नव्हते. आम्हांला यात शास्त्राची फजिती दिसत नाही. उलट त्याची इभ्रत दिसते. कामगार न्यायालयात आपण म्हणतो, ‘अमुक इतके दिवस काम केले.’ तेवढ्याने भागत नाही. हजेरीकार्ड दाखवावे लागते, आणि समोरच्या वकिलाला ते उलटसुलट तपासू द्यावे लागते. विज्ञानात हे समोरच्याचे काम आपल्याच बिरादरीतली माणसे करतात, आणि तरी कोणी कोणाला गद्दार म्हणत नाही. आमच्या चळवळीने हे शिकण्यासारखे आहे.

ताऱ्यांकडून आकाशगंगांकडे येऊ. आपल्या आकाशगंगेत अब्जावधी तारे आहेत, आणि अशा आकाशगंगाही अब्जावधी आहेत. त्यांचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात होतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ३० प्रचंड रेडिओ दुर्बिणी आहेत. प्रत्येक ताटलीचा व्यास ४५ मीटर, आणि सगळ्यांचा पसारा सुमारे २५ किलोमीटरांचा. गोविंद स्वरूप यांनी त्या उभ्या केल्या. एवढी मोठी ताटली भरीव पत्र्याची केली असती तर खर्च झेपला नसता आणि वाऱ्यानेही ती टिकली नसती. तेव्हा त्यांनी पोलादी तारांची जाळी दोरांच्या आधाराने ताणून ताटली बनविली. वारा आरपार जातो, पण रेडिओ लहरी परत फिरतात. गरीब देशाने आपल्या ऐपतीत, आपल्या डोक्याने आणि आपल्या हातांनी केलेले हे काम आहे.

पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी २०१७ साली ‘सरस्वती’ नावाचा आकाशगंगांचा एक महासमूह जाहीर केला. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला प्रकाशालाच सुमारे ६० कोटी वर्षे लागतील. आणि २०२५ च्या अखेरीस पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ‘अलकनंदा’ नावाची आकाशगंगा जगापुढे ठेवली. २०२१ च्या नाताळात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत ती त्यांना सापडली. तिच्या प्रकाशाला आपल्याकडे यायला सुमारे १२०० कोटी वर्षे लागली. म्हणजे विश्वाचे वय अवघे दीडशे कोटी वर्षे होते तेव्हाची ती दिसते. तिला आपल्या आकाशगंगेप्रमाणे दोन सुरेख सर्पिल बाहू आहेत, आणि तीत दर वर्षी सुमारे ६० सूर्यांएवढ्या द्रव्याचे नवे तारे घडत होते. इतक्या कोवळ्या विश्वात सगळा गोंधळ असेल, असली घडी बसायला पुष्कळ काळ लागला असेल, असा आजवरचा समज होता. ‘अलकनंदे’ने तो हलविला. आमच्या मनात आले, मामांच्या बाजेचा प्रश्न ८० वर्षांचा होता. हे पुण्याचे लोक त्याच प्रश्नाचे टोक धरून १२०० कोटी वर्षांपर्यंत जाऊन आले.

२०२५ च्या मे महिन्यात जयंतराव नारळीकर गेले. विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला हे बहुमत त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. त्यांचा पर्याय बहुतेक शास्त्रज्ञांना पटला नाही हे खरे. पण अल्पमतात राहूनही पुराव्याची भाषा न सोडणारा आणि ती सारी भाषा मराठीत आपल्या मुलांना सांगत राहणारा हा माणूस होता. त्यांच्या पुस्तकांनी किती खेड्यांतल्या पोरांना वर बघायला लावले असेल!

आता औंढ्याकडे येतो. तेथे काय होणार आहे? आइन्स्टाइनने १९१६ साली सांगितले की, प्रचंड वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरल्या तर अवकाशातच लाटा उठतात. त्या लाटा १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी प्रथम टिपल्या. १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, आणि त्यांतले तीन सूर्यांएवढे द्रव्य क्षणार्धात लाटांच्या रूपाने निघून गेले होते. या शोधाबद्दल २०१७ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. वेधशाळेची रचना अशी: चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात, त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे, आणि मधून जाणारा लेसर किरण. लाट आली की एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखडतो. किती? अणूच्या गाभ्यातला जो प्रोटॉन, त्याच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका! असल्या गोंगाटातून क्षीण खूण ओळखून काढण्याचे गणित पुण्याच्या संजीव धुरंधर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे आधीपासून चालविले होते.

मग आपल्याकडे आणखी एक वेधशाळा कशाला? गिरणीचा भोंगा वाजला की तो कोणत्या बाजूने आला हे आपल्याला दोन कान असल्यामुळे कळते. आकाशात लाट कोठून आली हे कळावयाचे तर पृथ्वीवर दूरदूर कान हवेत. अमेरिकेत दोन आहेत, इटलीत एक, जपानात एक. औंढ्याचा कान त्यांत पडला म्हणजे दिशा कितीतरी नेमकी कळेल, आणि मग दुर्बिणी तिकडे वळविता येतील. १७ ऑगस्ट २०१७ रोजी असेच झाले. १३ कोटी प्रकाशवर्षे दूर दोन न्यूट्रॉन तारे आदळले. आधी लाट आली, पावणेदोन सेकंदांत गॅमा किरण आले, आणि मग जगभरच्या दुर्बिणींनी ती जागा पाहिली. तेथे सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तयार झाल्याच्या खुणा मिळाल्या. खोडदच्या दुर्बिणींनीही त्या जागेचा मागोवा घेतला. आमच्या भगिनींच्या मंगळसूत्रातल्या सोन्याच्या मण्यांचे माहेर असे दूरचे आहे.

कोणी म्हणेल, आमचा हा प्रदेश भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट येथे कोण विसरेल? २०२४ साली हिंगोलीकडेही धक्के बसले. परंतु वेधशाळेची खरी पीडा म्हणजे रोजचा बारीक थरथराट. रेल्वे, ट्रका, कारखाने, समुद्राच्या लाटा यांच्यामुळे जमीन सतत कापत असते. त्या मानाने आपली ही बाजू शांत आहे. ज्याला आपण मागासलेपण म्हणत आलो, कारखाने नाहीत, वर्दळ नाही, समुद्र लांब, तेच येथे उपयोगी पडले. यात गौरव मानावा की हसावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता आमच्या २०१६ च्या वाक्याचा हिशेब. २०२३ च्या एप्रिलात या कामाला सुमारे २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी एकोणीस रुपयेही पडत नाहीत. मोंढ्यातला दोन कप चहा. हे पैसे वाचविले असते तर लातूरला पाणी आले असते काय? पाणी का आटले याची कारणे निराळी होती, आणि ती आकाशात नव्हती. तेव्हा ते वाक्य चुकले होते, आणि ते आम्ही आज या व्यासपीठावरून परत घेतो.

परंतु प्रश्न विचारला ही चूक नव्हती. फक्त प्रश्न वेगळा विचारावयास हवा होता. ‘हे कशाला?’ असे नव्हे, ‘हे कोणाचे?’ असे. २०३० च्या सुमारास ही वेधशाळा पुरी व्हावी असा अंदाज सांगितला गेला आहे. नळ्या कोणी तरी उतरवील, वाळू कोणी तरी उपसेल, खंदक कोणी तरी खणील. त्यांचे नाव हजेरीपटावर असेल ना? किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळेल ना? ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या पोराला तेथल्या कार्यशाळेत शिकाऊ म्हणून उभे राहता येईल, की रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचा दंडुकाच त्याच्या हाती येईल? आणि हिंगोली, नांदेड, परभणी, लातूर येथल्या शाळांतली मुले तेथे सहलीला गेली तर कोणी तरी त्यांना मराठीत समजावून सांगेल काय? या मागण्या आहेत. भीक नव्हे, आणि विरोधही नव्हे. निजामिया वेधशाळेच्या साहाय्यकाचा मुलगा बाप्पू झाला. औंढ्याच्या मजुराचा मुलगा का होऊ नये?

शेवटी पुन्हा मामांकडे येतो. ती गिरणी पुढे बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा दावा वर्षानुवर्षे चालला. निकाल लागला तेव्हा मामा हयात नव्हते. पैसे त्यांच्या सुनेच्या हाती पडले. आम्ही पावतीवर साक्षीदार म्हणून सही केली, आणि मनात आले की, हे असेच उशिरा आलेले पत्र आहे. ज्याच्या नावे होते तो घरी नाही. बाज किती लांब आहे हेही आम्ही त्यांना वेळेवर सांगू शकलो नाही. वाचून होईपर्यंत पाळ्या बदलल्या होत्या.

म्हणून एक विनंती. सभा संपल्यावर घरी जाताना गोदावरीच्या घाटावर क्षणभर थांबा. या दिवसांत उत्तरेकडे बाज उंच आलेली असते. तिच्या मागच्या तीन चोरांच्या वाकड्या ओळीने पुढे नजर न्या, म्हणजे एक नारिंगी, तेजस्वी तारा दिसेल. ती स्वाती. तिचा प्रकाश सुमारे ३७ वर्षांपूर्वी निघाला. आम्ही गिरणीत लागलो त्या सुमारास. तो आज पोहोचत आहे. बरोबर आपले मूल असेल तर त्याला तो दाखवा, आणि किती लांब आहे ते आजच सांगा. पुढच्या पाळीवर ठेवू नका.